गालिचा आधी उलटा करा

गेल्या अंकात इराणी गालिच्यांबद्दल प्रश्न पाठवा म्हटलं आणि पत्रांचा ढीग लागला. सोबत फोटोही भरपूर, पण जवळजवळ सगळे वरच्या बाजूचे. मी आयुष्यभर गालिचे दुरुस्त करत आले. तुटलेला ताणा (उभे धागे) ओवायचा, उडालेल्या गाठी पुन्हा मारायच्या, उसवलेला काठ धरायचा. या कामात गालिचा वरून बघायची वेळ सगळ्यांत शेवटी येते, तेव्हा उत्तरंही थोडी उलट्या बाजूनेच येतील.

प्रश्न (नाशिक) : प्रदर्शनात 'अस्सल काशान' म्हणून नऊ बाय बाराचा गालिचा घेतला. मागे इराणची पट्टी आहे आणि '1200 शाने' असं लिहिलंय. विक्रेता म्हणाला, एवढं बारीक काम आता मिळत नाही. मुलगा म्हणतो, फसलात. कोण खरं?

उत्तर : गालिचा इराणचा आहे, बहुधा काशानकडचाच आहे, आणि तो यंत्रावर विणलेला आहे. काशान आणि त्याला लागून असलेलं आरान-ओ-बिदगोल इथे यंत्रमागांचे मोठमोठे कारखाने आहेत, आणि भारतात येणारे 'काशान' बरेचसे तिथलेच. शाने म्हणजे यंत्राच्या फणीचा हिशेब, मीटरभर रुंदीत किती घरं ते. हाताने गाठी मारणारा माणूस हा आकडा कधीच सांगत नाही. लेबलावर शाने दिसले की पुढची चौकशी थांबवावी. लव, म्हणजे वरचे उभे तंतू, बहुतेक ॲक्रिलिकची असेल.

खात्री हवी असेल तर कोपरा उलटा करा. पैठणी ओळखणारी बाई आधी पदराची मागची बाजू बघते, तसंच हे. हातगाठीच्या गालिच्यात मागेही नक्षी पुढच्याइतकीच स्पष्ट दिसते. एकेक गाठ बारीक दाण्यासारखी हाताला लागते, आणि ओळी किंचित वरखाली असतात. मग दशा ओढून बघा. हातच्या गालिच्याच्या दशा म्हणजे ताण्याचेच धागे, ते आतून आलेले असतात. तुमच्या दशा बहुधा कडेला शिवलेल्या निघतील.

तिसरा एक प्रकार यापेक्षा जास्त फसवतो. मागे जाड कापड चिकटवलेलं असतं. त्याच्या आत आणखी एक कापड असतं, त्यात लव यंत्राच्या पिस्तुलाने टोचतात आणि रबराचा लेप देऊन पक्की करतात. त्यावर 'हँडमेड' लिहिता येतं आणि ते खोटंही नसतं, पण आत गाठ एकही नसते. काही वर्षांत लेप सुकतो आणि खालून पांढरी भुकटी पडायला लागते.

किंमत यंत्राच्या गालिच्याची दिली असेल तर फसलात असं मी म्हणणार नाही. हाताच्या कामाची दिली असेल तर मुलाचं ऐका.

प्रश्न (पुणे) : आमच्या सोसायटीत शिकायला राहिलेलं इराणी जोडपं परत जाताना आम्हाला एक गालिचा विकून गेलं. शिराजकडच्या कश्काई लोकांचा आहे म्हणाले. निळ्या जमिनीत मध्येच आडवे फिकट पट्टे आहेत. उन्हाने विटला की मुळातच दोष?

उत्तर : फिकट जागी लव दोन बोटांनी फाकवा आणि मुळाशी बघा. मग तीच जागा मागून बघा. ऊन फक्त टोकं खातं. मुळाशी आणि मागे निळा गडद असेल तर ऊन. पट्टा मागेही तेवढाच फिकट असेल आणि बाण्याच्या, म्हणजे आडव्या धाग्यांच्या, रेषेत सरळ आडवा जात असेल, तर त्याला 'अबरश' म्हणतात. एका घाण्यात रंगवलेली लोकर संपली, दुसऱ्या घाण्याची लागली, एवढाच त्याचा अर्थ. फोटोवरून मला तरी अबरशच वाटतो.

कश्काई हे फिरते मेंढपाळ. उन्हाळ्यात वर डोंगरात, थंडीत खाली आखाताच्या बाजूला. त्यांचा माग जमिनीवर खुंट्या ठोकून आडवा मांडलेला असतो आणि मुक्काम हलला की तो गुंडाळून जनावरावर लादायचा. पुढच्या मुक्कामी ताण आधीसारखा बसतोच असं नाही, म्हणून असे गालिचे कडेला वाकडेही निघतात. लोकर लागेल तशी थोडी थोडी रंगवायची. निळीत तर दोन घाणे सारखे निघणं कठीणच. भांड्यातून काढलेली लोकर आधी पिवळट हिरवी दिसते, वारा लागला की डोळ्यांदेखत निळी होते, आणि गडद रंग हवा तर पुन्हा पुन्हा बुडवावी लागते. किती वेळा बुडवली, भांड्यातली नीळ किती थकली होती, यावर छटा ठरते. (पूर्वी इराणात बरीच नीळ हिंदुस्थानातून जायची. तुमच्या गालिच्यातली नसेल, पण आजेसासूच्या गालिच्यातली असू शकली असती.)

लाल येतो तो रुनासच्या मुळांतून. ही आपल्या मंजिष्ठेची भाऊबंद. मुळं निदान तीन वर्षं जमिनीत राहिली तर रंग भरतो, आणि तो धरून ठेवायला लोकरीला आधी तुरटी द्यावी लागते. पाणी बदललं की लाल बदलतो. अराक-फराहानकडे याच लालात ताक घालून एक मऊ गुलाबी काढायचे, त्याला 'दूघी' म्हणतात. जुन्या गालिच्यांत मला सगळ्यांत आवडणारा रंग तोच. मशहदकडचा जांभळट लाल मात्र वेगळा, तो किरमिजी किड्याचा. पिवळ्यासाठी ईशान्य इराणातल्या खुरासानात इस्परक नावाचं फूल, शिवाय डाळिंबाची साल. तपकिरीला अक्रोडाची हिरवी साल. हिरवा रंग सरळ मिळत नाही, आधी पिवळा आणि त्यावर नीळ. म्हणूनच जुन्या गालिच्यांतली हिरवी पानं निळसर झालेली दिसतात. पिवळा उडाला, नीळ राहिली.

काळ्या-तपकिरी रेघांवरून बोट फिरवा. तिथे लव खाली गेलेली लागली तर आनंद माना. लोखंडाचा अंश घालून काढलेला काळा रंग हळूहळू लोकरच खातो, आणि त्याला काही दशकं लागतात. म्हणजे गालिचा जुना.

आता विकत घेणाऱ्या प्रत्येकाचा ठरलेला प्रश्न : रंग नैसर्गिक ना? 1856 नंतर युरोपात रासायनिक रंग निघाले आणि ते लवकरच इराणात पोचले. सुरुवातीचे ॲनिलीन रंग इतके वाईट होते की त्या शतकाच्या अखेरीस तिथल्या सरकारने त्यांच्या आयातीवर बंदी घातली. त्या काळातल्या गालिच्याची टोकं राखाडी आणि मूळ भडक गुलाबी दिसतं. पण पुढे आलेले क्रोम रंग पक्के आहेत. नैसर्गिक तेवढं चांगलं आणि रासायनिक तेवढं वाईट ही वाटणी मला पटत नाही. कच्चट रंगवलेल्या रुनासपेक्षा टिकणारा क्रोमचा लाल केव्हाही बरा. पांढरं ओलं फडकं दाबून बघा. रंग लागला नाही तर निश्चिंत राहा.

अबरश दोष आहे का? इस्फहानच्या कारखान्यात असता तर मालाची प्रत उतरली असती. कश्काई गालिच्यात त्याच पट्ट्यांसाठी लोक जास्त पैसे मोजतात, इतके की हल्ली मुद्दाम घातलेला अबरशही बाजारात आहे. तो फार नियमित असतो.

प्रश्न (मस्कत) : आम्ही इथे बरीच वर्षं आहोत. गावाहून कोणी आलं की सुलतान काबूस मशिदीतला गालिचा दाखवायला नेतो. शेकडो बायकांनी मिळून विणला म्हणतात. एवढ्या हातांतून एकसारखी नक्षी कशी उतरते?

उत्तर : ज्यांच्या घराजवळ हा गालिचा आहे त्यांचा मला हेवा वाटतो. सुमारे 70 मीटर लांब, 60 मीटर रुंद, 21 टन वजन, 28 रंग. खुरासानातल्या सुमारे 600 विणकर बायका, चार वर्षं, आणि 170 कोटी गाठी. तुकड्यांत विणून मशिदीत आणून जोडला. क्षेत्रफळाने भागलं तर चौरस सेंटिमीटरला साधारण 40 गाठी येतात. एवढ्या आकाराच्या कामाला हे खरोखर बारीक आहे. पुढे 2007 साली अबू धाबीच्या शेख झायेद मशिदीत याहून मोठा, 5,627 चौरस मीटरचा गालिचा अंथरला, तोही इराणी हातांचाच.

नक्षी उतरते ती कागदावरून. नक्षीकार चौकटीच्या कागदावर रंग भरतो, एक चौकोन म्हणजे एक गाठ. तो कागद पट्ट्या कापून फळ्यांवर चिकटवतात आणि विणकराच्या डोळ्यांसमोर लावतात. नक्षी डावी-उजवी आणि वर-खाली सारखी असेल तर पाव भागच काढतात, उरलेला विणकर मनात फिरवून घेते. काही कारखान्यांत नक्षी वाचणारा वेगळा असायचा. तो 'दोन लाल, एक निळा, पुढे तीन पांढरे' असं सुरात गात जायचा आणि ओळीने बसलेले हात गाठी मारत जायचे. आपल्या काश्मीरमध्ये हेच खुणांच्या लिपीत लिहितात, तिला तालीम म्हणतात. डोंगरातल्या बायकांना कागद लागत नाही. नमुन्यादाखल विणलेला एक तुकडा, वागीरे, जवळ असला तर असतो, नाहीतर सगळं डोक्यात.

गाठी दोन जातींच्या. तुर्की गाठ ताण्याच्या दोन्ही धाग्यांना वेढा घालते. फारसी गाठ एकाला पुरता वेढा घालते आणि दुसऱ्याच्या मागून निघते, म्हणून वळणदार फुलं तिच्यात सफाईने उतरतात. काशान, इस्फहान, नाईन, केरमान इथे फारसी. तबरीझमध्ये तुर्की, तीही आकडा लावलेल्या सुरीने, आणि त्या वेगाकडे बघत राहावं असा. फारसी गाठीला व्यापारात 'सेन्ने' म्हणतात आणि ज्या सेन्ने गावावरून, म्हणजे आजच्या सनंदजवरून, हे नाव पडलं तिथे तुर्की गाठ मारतात. कुणी ठेवलं हे नाव, विचारू नका.

प्रश्न (सांगली) : दुकानदार एकाला '50 रज' म्हणतो, दुसऱ्याला 'नाईन, सहा ला'. जास्त आकडा म्हणजे जास्त चांगला असं समजायचं का?

उत्तर : रजमध्ये हो, 'ला'मध्ये उलट. रज म्हणजे साधारण सात सेंटिमीटरमध्ये किती गाठी. 50 रज धरला तर चौरस मीटरला पाच लाखांवर गाठी होतात, दोन बाय तीन मीटरच्या गालिच्यात तीस लाख. चांगला हात दिवसाला आठेक हजार गाठी मारतो. म्हणजे एका माणसाचं रोज न चुकता वर्षभराहून जास्त काम. किंमत ऐकून डोळे पांढरे करण्याआधी हा भागाकार करावा.

नाईन हे इराणातलं गाव. तिथल्या गालिच्यांचा 'ला' म्हणजे ताण्याच्या धाग्यात किती पदर पिळले आहेत ते. दशेतला एक धागा उकलून मोजता येतात. पदर कमी तर धागा बारीक, धागा बारीक तर गाठी दाट. म्हणून चार ला सहापेक्षा वरचा, सहा नऊपेक्षा.

पण मोजण्याच्या नादी फार लागू नका. बिजार गावचे गालिचे गाठींच्या शर्यतीत नाईनच्या मागे असतील, पण बाणा इतका ठोकून बसवलेला असतो की गालिचा दुमडता दुमडत नाही. त्याला 'इराणचा लोखंडी गालिचा' म्हणतात ते उगाच नाही. हेरिझ गावचा गालिचा जाडाभरडा, आणि बैठकीच्या खोलीत पिढ्यान्‌पिढ्या तुडवून घेतो. शिवाय गाठींत चोरी करता येते. दोनाऐवजी चार धाग्यांवर एक गाठ मारायची, काम निम्मं, लोकर निम्मी. याला जुफ्ती म्हणतात. वरून अजिबात कळत नाही, मागे दाणे दुप्पट रुंद दिसतात. मी लोकर आधी बघते. तळवा दाबून उचलला की लव उसळून वर आली पाहिजे आणि हाताला किंचित तेलकट लागली पाहिजे. कोरडी, ठिसूळ लोकर 70 रजचीही असली तरी मला नको.

प्रश्न (कोल्हापूर) : आमच्या गालिच्यावर जमीनभर चौकोन आणि भोवती चार-चार मासे आहेत. इराणच्या वाळवंटात मासे कुठून?

उत्तर : ती लांबट वळलेली पानं आहेत, पण बाजारातही त्यांना 'माही' म्हणजे मासाच म्हणतात, तेव्हा तुमचं चुकलं नाही. नक्षीचं नाव हेराती. मध्ये फूल, भोवती शंकरपाळी चौकट, बाहेर चार पानं. तबरीझला ही फार बारीक विणतात. काठात कोयऱ्या असतील तर त्यांना तिकडे बोते म्हणतात.

प्रश्न (ठाणे) : लेकीकडे लंडनला चाललो आहोत. तिथे बघण्यासारखा इराणी गालिचा कुठे? आणि प्रत्येक इराणी गालिच्यात मुद्दाम एक चूक ठेवतात, कारण परिपूर्ण फक्त देवच, हे खरं का?

उत्तर : व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये जा आणि अर्दबीलचा गालिचा बघा. जवळपास साडेदहा मीटर लांब, पाच मीटरांहून रुंद, सुमारे अडीच कोटी गाठी. ताणा-बाणा रेशमाचा, लव लोकरीची, रंग फक्त दहा. एका टोकाला फारसी कवी हाफिजच्या ओळी विणल्या आहेत (तुझ्या उंबऱ्यावाचून मला जगात आसरा नाही, अशा अर्थाच्या), खाली काशानच्या मकसूदचं नाव आणि हिजरी 946, म्हणजे 1539-40. अर्दबीलच्या शेख सफीच्या दर्ग्यात असे दोन जोडीचे गालिचे होते. एकोणिसाव्या शतकात पैशांची गरज पडली तेव्हा ते विकले गेले. एकाचे तुकडे काढून दुसरा दुरुस्त केला. दुरुस्त झालेला 1893 साली इंग्रज नक्षीकार विल्यम मॉरिसच्या शिफारशीवरून म्युझियमने 2,000 पौंडांना घेतला. ज्याचे तुकडे काढले तो काठ गमावून आज लॉस एंजेलिसला आहे. दुरुस्ती करणारी म्हणून मला त्या कामाची सफाई कळते, आणि दुसऱ्या गालिच्याचं वाईटही वाटतं.

रंग जपण्यासाठी तिथे दिवे मंद ठेवतात आणि तासाला व अर्ध्या तासाला दहा मिनिटं वाढवतात. ती वेळ गाठा. गालिच्याच्या नक्षीत मध्यभागाच्या वरखाली दोन दिवे टांगलेले दिसतील. त्यांतला एक लहान आहे. कोणी म्हणतं, लहान दिव्याच्या बाजूला बसलं की दोन्ही सारखे दिसावेत म्हणून. कोणी म्हणतं, तीच ती मुद्दाम ठेवलेली चूक. मुद्दाम चूक ठेवण्याची ही गोष्ट मला कधीच पटलेली नाही. लाखो गाठींच्या कामात चुका आपोआप होतात, त्या ठरवून करायला वेळ कोणाला? कारखान्यात तर चूक दिसली की मजुरी कापली जायची. ही गोष्ट विकणाऱ्यांच्या तोंडी फार असते, आणि ज्या गालिच्यात चूक जास्त उठून दिसते तिथे जास्त रंगवून सांगतात.

प्रश्न (न्यू जर्सी) : पुण्याच्या घरातला आजीचा इराणी गालिचा इकडे आणता येईल का?

उत्तर : गालिच्याचा प्रश्न नाही, राजकारणाचा आहे. अमेरिकेने इराणी गालिच्यांची आयात 1987 मध्ये बंद केली, 2000 मध्ये उघडली, 2010 मध्ये बंद, 2016 मध्ये उघडली, 2018 मध्ये पुन्हा बंद. घरच्या सामानाचे नियम व्यापारी मालापेक्षा वेगळे असतात, तेव्हा आधी तिकडच्या कस्टमला लेखी विचारा आणि मगच विमानात चढवा. तोवर पुण्यात कोणाला तरी महिन्यातून एकदा झटकायला सांगा.

प्रश्न (रत्नागिरी) : पावसाळ्यानंतर गालिच्यात जागोजागी टक्कल पडलंय, खालचे पांढरे धागे दिसतात. डांबराच्या गोळ्या ठेवल्या होत्या.

उत्तर : कसर लागली आहे. अळी लोकर खाते, सुती ताणा तिला नको असतो, म्हणून पांढरे धागे तेवढे राहतात. टक्कल कपाटाखाली किंवा दिवाणाखाली आलेल्या भागातच असणार. तिला अंधार आणि शांतता लागते. मागे बारीक जाळी आणि लोकरीच्याच रंगाचे वाळूसारखे कण सापडतील. गोळ्यांचा उपयोग फक्त घट्ट बंद पेटीत, उघड्या खोलीत त्यांनी फक्त तुमचं डोकं दुखतं.

कोरड्या दिवशी गालिचा बाहेर काढा. उलटा पसरून मागून हलक्या हाताने झोडा, घाण सगळी खाली पडेल. मग दोन्ही बाजूंनी व्हॅक्यूम, लवेच्या दिशेने, आणि दशांवर यंत्र नेऊ नका. फरशीवरच्या फटीही साफ करा, अंडी तिथेही असतात. दोन-तीन तास ऊन पुरे, दिवसभर नको. धुणं हे घरच्या न्हाणीत करायचं काम नाही. तेहरानजवळच्या रे गावात चश्मे-अलीच्या झऱ्यावर लोक गालिचे धुवायचे ते वाहतं पाणी आणि कोरडी हवा होती म्हणून. कोकणात ओला गालिचा आतून वाळेपर्यंत सुती ताणा कुजायला लागतो, मग तो दुमडताना कट्‌ कट्‌ वाजतो. तो आवाज आल्यावर माझ्याही हातात फारसं काही उरत नाही.

पुढच्या पावसाळ्यात दुमडून ठेवू नका. जाड नळीवर गुंडाळा, सुती चादर बांधा, प्लास्टिक नको, आणि जमिनीपासून वर ठेवा. महिन्याने एकदा उलगडून बघा.

अळ्या आणि अंडी खात्रीने मारायची असतील तर गारठा हा उत्तम उपाय. गालिचा लहान आणि पूर्ण कोरडा असेल तर हवा दाबून काढून प्लास्टिकमध्ये घट्ट बंद करा (या कामापुरतं प्लास्टिक चालतं) आणि उणे 18 अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय पिशवी उघडू नका. मोठ्या गालिच्यासाठी मासळीच्या शीतगृहाचा विचार मनात आला असेल तर तो सोडा. लोकर वास धरते.